पत्ता एकीकडे, मत दुसरीकडे

डिसेंबर २०२५ मध्ये सातारा नगरपरिषदेची निवडणूक झाली, तेव्हा आमच्या घरमालकांचा मुलगा वाकडहून मतदानासाठी आला होता. हिंजवडीत नोकरी करणारा, वाकडला भाड्याच्या घरात राहणारा आणि दर पंधरा दिवसांनी स्वारगेटहून विनाथांबा गाडी पकडून आईच्या हातचे जेवायला येणारा हा मुलगा त्या दिवशी सकाळीच बोटावरची शाई दाखवत जिना चढून वर आला आणि म्हणाला, "तुमचं झालं का मतदान?" आमचे होणारच नव्हते, कारण आमची नावे कोथरूडच्या यादीत होती. पुढे १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेचे मतदान आले. आम्ही दोघे पहाटेच्या गाडीने कोथरूडला गेलो, मत दिले आणि दुपारी परत आलो. त्याच दिवशी पिंपरी-चिंचवडचेही मतदान होते, त्यामुळे त्या मुलालाही सुटी मिळाली आणि ती त्याने झोप काढण्यात घालवली. ज्या शहराचे पाणी तो पितो तिथे त्याला मत नाही, ज्या शहराचे पाणी मी पिते तिथे मला मत नाही, आणि तरीही आम्ही दोघांनी आपापले लोकशाही कर्तव्य अगदी मनोभावे पार पाडले. काकूंना, म्हणजे घरमालकीणबाईंना, मी हे सांगितले तेव्हा त्या घेवड्याच्या शेंगा मोडत म्हणाल्या, "अदलाबदलच झाली की गं. तो तिकडं, तू इकडं."

मोठे शहर सोडून लहान शहरात राहायला जाण्याविषयी गेल्या पाच-सहा वर्षांत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे, आणि ते बहुतेक सगळे मोकळी हवा, कमी खर्च, डोंगर, वाचलेला वेळ अशा शब्दांत असते. २०२१ मध्ये आम्ही पुण्याहून साताऱ्याला आलो तेव्हा मीही याच शब्दांत बोलत होते, आणि ते शब्द खोटे नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे. हे स्थलांतर म्हणजे एखाद्या कुटुंबाची खासगी आवडनिवड आहे, असे समजून आपण त्याकडे पाहतो. प्रत्यक्षात तो एका शहराच्या पाण्याचा, जागेचा, कराचा आणि कारभाराचा प्रश्न आहे, आणि बाहेरून आलेली आमच्यासारखी माणसे त्या प्रश्नात फक्त घेणाऱ्याच्या बाजूला उभी आहेत. आम्ही सामान हलवले, गॅसची जोडणी हलवली, बँकेतला पत्ता बदलला. नागरिक म्हणून मात्र आम्ही होतो तिथेच राहिलो.

आधी जे मिळाले त्याविषयी. पुण्यातल्या आमच्या घराचे येणारे भाडे आणि शाहूपुरीतल्या या वरच्या मजल्याचे आम्ही देत असलेले भाडे यांतल्या फरकात महिन्याचा किराणा निघतो. मी एका पुण्याच्या कंपनीचे हिशेबाचे काम घरून करते. काम संपवून लॅपटॉप मिटल्यावर पंधरा मिनिटांत राजवाड्यापाशी पोचता येते. मंडईच्या कडेला डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या बायका पोत्यावर भाजीचे वाटे मांडून बसतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्यातल्या एकीकडे पाव किलो पावटा मागितला, तर तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. तिच्याकडे तराजूच नव्हता. "वाटा घ्या की, दोन माणसांचं होतंय," असे म्हणून तिने वाटा पिशवीत ओतला, वर एक मूठ आणखी टाकली आणि कोथिंबिरीच्या चार काड्या खोचल्या. घरात किती माणसे आहेत, हे तिला मागच्या दोन खेपांमध्ये कळले होते. हा अनुभव किती सुखाचा असतो हे मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला निराळे सांगायला नको. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणारे वरचा आणि खालचा असे दोन रस्ते, त्या रस्त्यांवर दर शंभर पावलांवर थांबून कुणाशी तरी बोलणारी माणसे आणि कुठूनही मान वर केली की दिसणारा अजिंक्यतारा, एवढ्या भांडवलावर माणूस इथे रमतो.

परंतु हे सुख हवेतून येत नाही, ते कुणीतरी तयार केलेले असते. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मीटरच्या पेटीत पाणी गेले आणि अख्ख्या घरात अंधार झाला. काकांनी एक फोन केला. अर्ध्या तासात वायरमन रेनकोट घालून आला, हातातली बॅटरी दातांत धरून त्याने पेटी उघडली, तार कापली, जोडली, आणि पैसे विचारले तर "काकांचं न् माझं बघू नंतर" असे म्हणून निघून गेला. मी दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पुण्यातल्या मैत्रिणींना लहान शहराच्या माणुसकीचा नमुना म्हणून सांगितली. ती माणुसकी नव्हती असे नाही. पण ती माझ्यासाठी नव्हती. त्या वायरमनच्या वडिलांच्या आजारपणात काकांनी काय केले होते, त्याच्या बहिणीच्या लग्नात या घरातून किती पातेली गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजले. तीस वर्षे जमा होत आलेल्या ओळखीच्या ठेवीतून माझ्यासाठी एका रात्रीत थोडी रक्कम काढली गेली होती, आणि मी ती माझ्याच नशिबाची समजत होते. नव्याने येणाऱ्यांची संख्या थोडी असते तोवर असे खर्च खपून जातात. एका गल्लीत निम्मी बिऱ्हाडे आमच्यासारखी झाली, की ठेव भरणारे कोण आणि काढणारे कोण हा हिशेब मांडावाच लागतो.

या ओळखीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा पहिल्या वर्षासारखीच बोलते आहे असे होईल. साताऱ्यात कुणालाही पहिला प्रश्न विचारला जातो तो "गाव कुठलं तुमचं?" हा. त्यामागे अनेकदा निव्वळ आपुलकी असते, अनेकदा आडनावापलीकडचे काही शोधून काढायचे असते, आणि विचारणाऱ्यालाही आपण नेमके काय विचारतो आहोत हे ठाऊक नसते. आम्हांला घर दोन दिवसांत मिळाले. नवरा-बायको, पन्नाशीच्या जवळ, नोकरदार, आणि ज्या आडनावाला कुणी अडत नाही असे आडनाव. माझ्या ओळखीतल्या एका तरुण प्राध्यापिकेला, ती एकटी राहणार म्हणून, सहा ठिकाणी नकार मिळाला, आणि एके ठिकाणी "रात्री आठनंतर कोण येणार-जाणार नाही ना?" असे तिच्या आईला फोन करून विचारले गेले. पुण्यात असे होत नाही असे म्हणण्याचा दुटप्पीपणा मी करणार नाही. फरक एवढाच की पुण्यात सातवे घर असते, आठवे असते, पन्नासावेही असते. इथे सहा घरांनंतर ओळखीचे दलालच संपतात. ज्या ओळखीने मला अंधारात वायरमन मिळवून दिला, त्याच ओळखीने तिच्यासाठी दारे बंद केली. लहान शहराची भलावण करणारे आमच्यासारखे लोक बहुधा पहिल्या गटातलेच का असतात, याचे उत्तर यातच आहे.

खरे तर बाहेरून आलेल्या माणसांचे साताऱ्याला वावडे असायचे काही कारण नाही. छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक जानेवारी १७०८ मध्ये इथे झाला आणि पुढे किल्ल्यावरची राजधानी पायथ्याशी उतरली. यादोगोपाळ, मल्हार, व्यंकटपुरा, चिमणपुरा अशी ज्यांची नावे आहेत, त्या पेठा वसवल्या गेलेल्या आहेत, म्हणजे सावकार, कारागीर, कारकून, शिपाई यांनी बाहेरून येऊनच भरलेल्या आहेत. त्यानंतरचा, विशेषतः विसाव्या शतकातला, इतिहास मात्र उलट दिशेचा आहे. माण-खटावचा दुष्काळी पट्टा आणि जावळी-पाटणचे डोंगर यांनी मुंबईच्या गिरण्यांना आणि गोदीला माणसे पुरवली; माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. जिल्ह्यातल्या अनेक घरांची चूल मनिऑर्डरवर पेटत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत त्यांतली हजारो माणसे वळकटी घेऊन गावी परत आली. तेही मोठे शहर सोडून लहान गावात येणेच होते. त्या परतीला कुणी संथ जीवनाचा शोध म्हटले नाही, कारण ती माणसे रिकाम्या हाताने आली होती. आम्ही पगार चालू ठेवून आलो, एवढ्यासाठी आमचे येणे हा कौतुकाचा विषय झाला. मला हे कौतुक अलीकडे खटकते.

आता पाण्याचे पाहू. शहराच्या पश्चिम भागाला कासच्या तलावाचे पाणी मिळते. पंचवीसएक किलोमीटरवरच्या, वर डोंगरात असलेल्या त्या तलावातून ते उताराने शहरात येते आणि जुने सातारकर त्याच्या चवीविषयी जवळजवळ कुलाभिमानाने बोलतात. कासच्या पठाराचा समावेश असलेला पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरला, आणि तेव्हापासून पठाराकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या रस्त्याला जे दिवस आले ते सर्वांसमोर आहेत. त्या रस्त्यालगतच्या बांधकामांचा वाद सातारकरांना नवा नाही. त्या बांधकामांमागचे गिऱ्हाईक कोण, हे मात्र फारसे बोलले जात नाही. ज्याला दरीकडे तोंड करून उघडणारी खिडकी हवी असते, शनिवार-रविवारी किंवा निवृत्तीनंतर राहायला दोन-चार गुंठे हवे असतात, असा तो बहुधा पुण्या-मुंबईचा माणूस असतो. म्हणजे आमच्याच जातकुळीचा. शहरात ज्या उंचीवरून पाणी येते त्या उंचीवर जाऊन आपण घर बांधायचे, सांडपाण्यासाठी खड्डा खणायचा आणि खाली आल्यावर साताऱ्याचे पाणी किती गोड म्हणून वाखाणायचे, यातली विसंगती दिसायला पर्यावरणशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

पाण्याहून अवघड विषय आहे तो मोजणीचा. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ मध्ये व्हायची आहे. मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, शहराची बरीच वर्षे रखडलेली हद्दवाढ मंजूर झाली आणि शाहूपुरीसारखा, पेठांइतकाच दाट भरलेला भाग नगरपरिषदेत आला. पंधराव्या वित्त आयोगाने पालिकांना मिळणाऱ्या केंद्राच्या अनुदानाच्या वाटपासाठी लोकसंख्या धरली ती २०११ चीच. त्यामुळे आम्ही, आमच्या शेजारच्या इमारतीतली चार नवी बिऱ्हाडे, गोडोलीकडे आणि विलासपूरला राहायला गेलेली आमच्या ओळखीची कुटुंबे, ही सर्व माणसे नळ उघडतात, कचऱ्याची गाडी आली की पिशवी घेऊन खाली उतरतात, रस्त्यावर गाडी लावतात, आणि कागदावर इथे नाहीतच.

आम्ही पैसा आणतो, हे या बाजूने दिले जाणारे ठरलेले उत्तर आहे. थोडे तपासून पाहावे. माझ्या पगारातून आयकर केंद्राकडे जातो, व्यवसायकर राज्याकडे जातो, दुकानात दिलेला जीएसटी या दोघांत वाटला जातो. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच रद्द झाली, तेव्हापासून लहान शहराच्या हातात स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एवढेच उरले. आणि भाडेकरू म्हणून तोही मी थेट भरत नाही, काका भरतात. माझ्या पुण्याच्या घराचा कर मात्र मी दरवर्षी, सवलतीची मुदत गाठून, पुणे महापालिकेला भरते. डबेवाल्या मावशी, धुणेभांडी करणाऱ्या बाई, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना आमच्यामुळे काम मिळाले हे खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण त्याच वेळी पुण्याच्या पगाराच्या मापाने भाडी ठरू लागली, की इथल्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात कंत्राटावर असलेला मुलगा शाहूपुरी सोडून आणखी बाहेर सरकतो. आम्ही आणलेल्या पैशाने काय विकत घेतले आणि कुणाला बाहेर ढकलले, हे दोन्ही एकाच वहीत लिहायला हवे.

वैद्यकीय सोयींविषयी तर आम्हा नवागतांचे वागणे अधिकच गमतीचे असते. "साताऱ्यात सगळं आहे हो, फक्त डॉक्टर पुण्याचेच बरे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आणि उच्चारले आहे की ते आता एक म्हण वाटते. मोठे आजार, मोठ्या शस्त्रक्रिया यांसाठी ११० किलोमीटर जावे लागते ही खरी अडचण आहे आणि मध्ये खंबाटकीचा घाट असल्यामुळे ती रात्री-अपरात्री भीतीदायकही होते. परंतु मी दातांची साधी कामेही दोन वर्षे पुण्याला जाऊन करवून घेत होते. इथे एखाद्या तज्ज्ञाने दवाखाना थाटावा तर त्याला रोजचे, साध्या तक्रारींचे, पैसे मोजू शकणारे रुग्ण लागतात; तेच रुग्ण सवयीने गाडी काढून पुण्याला जातात, आणि मग तज्ज्ञ टिकत नाहीत म्हणून आपणच हळहळतो. २०२१ पासून शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तिथे किती प्राध्यापक आहेत, कोणती यंत्रे चालू आहेत, किती पदे रिकामी आहेत, हे विचारणारा मतदारवर्ग जर मनाने आणि यादीनेही पुण्यात असेल, तर ते विचारणार कोण?

इथे मला माझ्या मूळ मुद्द्यावर परत यायचे आहे. शाहूपुरीची हद्दवाढीआधी स्वतंत्र ग्रामपंचायत होती. सप्टेंबर २०२० नंतर ती राहिली नाही. नगरपरिषदेची निवडणूक नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली होती ती पुन्हा व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. मधली पाच वर्षे आमच्या या भागाला गावचा सदस्यही नव्हता आणि स्वतः निवडलेला नगरसेवकही नव्हता. नाल्या, दिवे, पाण्याची वेळ यांसाठी कुणाच्या दारात जायचे हेच ठरत नव्हते. शहरांच्या कारभाराविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तिने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. साताऱ्याएवढ्या शहरात सामान्य नागरिकाला कारभारात हात घालायला मत हाच काय तो सरळ मार्ग उरतो. नऊ वर्षांनी एकदा तो मार्ग उघडला, आणि त्या दिवशी आम्ही घरात बसून दुसऱ्याच्या बोटावरची शाई पाहत होतो.

मत न हलवण्याची कारणे आमच्याकडे होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. कंपनी उद्या परत कार्यालयात बोलावील. पुण्यात घर आहे, ते आपले मूळ ठिकाण. दोन-तीन वर्षे पाहू, मग ठरवू. यांतले दुसरे कारण मी कायद्यात शोधून पाहिले तेव्हा ओशाळले. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने माणूस तिथला सामान्य रहिवासी, म्हणजे तिथल्या मतदार यादीत नाव असायला पात्र, ठरत नाही. पालिकेच्या निवडणुकीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. म्हणजे कोथरूडला मी दिलेले मत कायद्याच्या शब्दांना धरून नव्हते, आणि घरमालकांच्या मुलाने शाहूपुरीत दिलेलेही नव्हते. वाकडला त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, त्यांची वर्गणी तो भरतो, रात्री अकराला हिंजवडीहून येताना कोंडीत तासभर उभा राहतो, आणि हे सगळे ज्यांना विचारायचे त्यांना निवडण्याच्या दिवशी तो झोपतो. त्याला मी हे म्हटले तर तो हसून म्हणाला, "तिथं काय, भाड्यानं तर राहतो." मीही इथे भाड्यानेच राहते.

भाड्याने राहणारा माणूस पाहुणा असतो आणि कारभार मालकांनी पाहायचा, ही समजूत आपल्या शहरांत इतकी मुरलेली आहे की तिच्यावर पक्ष, प्रशासन आणि भाडेकरू या तिघांचेही न बोलता एकमत झाले आहे. प्रचाराच्या काळात आमच्या दारावर आलेल्या कार्यकर्त्यांनी हातातली यादी पाहिली, आमचे नाव नाही हे पाहून नम्रपणे नमस्कार केला आणि खाली काकूंकडे गेले. त्यांचे काही चुकले नाही. नगरपरिषदेने नव्या नळजोडणीच्या किंवा कराच्या कागदांबरोबर मतदार नोंदणीचा अर्जही हाती द्यावा, भाडेकरार नोंदवताना तो समोर ठेवला जावा, असे मला वाटते; खर्चही फार नाही. पण मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा, नमुना ८ चा अर्ज आजही मोबाइलवर भरता येतो, दहा मिनिटे लागतात, आणि साडेचार वर्षांत मला ती दहा मिनिटे मिळाली नव्हती, हे सांगितल्यावर शासनाकडे फार बोट दाखवण्यात अर्थ राहत नाही.

तो अर्ज मी गेल्या फेब्रुवारीत भरला. चौकशीसाठी आलेल्या अंगणवाडीच्या ताईंनी भाडेकरार पाहिला, वीजबिल काकांच्या नावावर आहे म्हणून काकूंना वर बोलावले आणि "या इथंच राहतात ना?" असे विचारले. काकू म्हणाल्या, "राहतात म्हणजे? पाणी आलं की मोटार कोण लावतं मग?" एवढ्यावर काम झाले. आता जनगणनेची माणसे येतील. २०११ च्या प्रपत्रात आधीचे राहण्याचे ठिकाण आणि ते सोडण्याचे कारण विचारले होते, आणि कारणांत नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर आले असे पर्याय होते. डोंगर आवडला, भाडे कमी पडले, वेळ वाचला यांसाठी त्यांत जागा नव्हती. तीच यादी पुन्हा आली तर मला 'इतर'वर खूण करावी लागेल. घरमालकांच्या मुलाची नोंद मात्र सोपी आहे. त्याचे कारण पहिल्याच ओळीत आहे. तो वाकडला सांगेल की आईकडे, हे काकूंनी अजून त्याला विचारलेले नाही.